रिकामा नॉब

सगळे तिला हॅलोताई म्हणत. वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा, आणि शाळेत असल्यापासून ही माइकसमोर "हॅलो, हॅलो" करत उभी. बाबांनी तिला पहिली विद्या शिकवली ती रिकाम्या नॉबची. भाषण करणारा आवाज वाढवा म्हणून डोळे वटारू लागला, की ज्याला काहीच जोडलेलं नाही असा नॉब ऐटीत फिरवायचा आणि मान हलवायची. गडी खूश, आणि स्पीकरही शिट्ट्या मारत नाहीत.

आज मात्र ती स्टुडिओत होती आणि समोर मिक्सिंगसाठी तिचं पहिलं गाणं होतं. इथे नुसत्या वायरी गुंडाळण्यात बरेच दिवस गेले होते. मालकीणबाईंनी साफ सांगितलं होतं, संगीतकारांनी मिक्सिंग पास केलं तर खुर्ची तुझी, नाहीतर बाबांचा टेम्पो आहेच.

संगीतकार मितभाषी, पण चिकट. त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. "दुसऱ्या कडव्यात गाणारी बाई दबतेय. जरा वर घे."

तिने जरा घेतला होता आवाज. आणखी वर घ्यायचा तर तिने मोठ्या हौसेने बसवलेली व्हायोलिनं मागे पडणार होती. ते तिच्या जिवावर आलं. त्यात मालकीणबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. तिचा हात आपसूक मिक्सरच्या कोपऱ्यातल्या, काहीच न जोडलेल्या चॅनेलकडे गेला. तिने नॉब फिरवला आणि मान हलवली.

संगीतकारांनी डोळे मिटून ऐकलं. "बस. आली बाई वर."

मालकीणबाईंनी स्टुडिओची किल्ली तिच्या हातावर ठेवली. गाणं संध्याकाळी पुढे रवाना व्हायचं होतं.

दुपारी घरी जेवताना तिने बाबांना फोनवर गाणं ऐकवलं. बाबांची छाती फुगली होती. मग हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "मधे बाईचा माइक बंद पडला होता का गं?"

"फोनचा स्पीकर आहे, बाबा."

"मग लोक कशावर ऐकणार?"

तिने पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्यात नुसती व्हायोलिनंच होती. "संगीतकारही हेच म्हणत होते," ती म्हणाली. "मी रिकामा नॉब फिरवला."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "अगं, ती विद्या भाषणवाल्यांसाठी. त्यांना स्वतःचंच ऐकायचं असतं. हा माणूस गाणं ऐकत होता ना?"

ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. नेमकं तेच तिला खात होतं. तिने संगीतकारांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पण मला फरक ऐकू आला होता," संगीतकार म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "येतो मी. मालकीणबाईंनाही बोलाव."

स्टुडिओत मालकीणबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने किल्ली दिली. संगीतकार तिच्या शेजारी बसले. तिने या वेळी आवाज खरंच वाढवणाऱ्या फेडरवर बोट ठेवलं आणि गायिकेचा आवाज वर घेतला.

"पुरे?" तिने विचारलं.

"मला विचारू नकोस, हॅलोताई. आज माझ्या कानांवर माझाच भरवसा उरलेला नाही. तू सांग."

सकाळी मान हलवणं किती सोपं गेलं होतं. तिने कडवं पुन्हा लावलं, शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही. अजून थोडा."

व्हायोलिनं मागे गेली. तिने जाऊ दिली. "आता पुरे," ती म्हणाली.

गाणं वेळेत रवाना झालं. ती निमूटपणे वायर गुंडाळू लागली. उद्यापासून टेम्पोच, हे तिने मनाशी धरलंच होतं. संगीतकार उठून मालकीणबाईंकडे वळले.

"किल्ली तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "उद्या दुसरं गाणं आहे. दार तुम्ही उघडा. खुर्चीत हीच बसेल, आणि मी हिच्या हाताकडे बघत बसेन."