वहिनींनी निवडलेली मशीन

मी एक जुनी लाकूड कापायची मशीन आहे. दुकानात मला चेनसॉ म्हणतात. पण मित्रांनो, ज्या दोन घरांत माझे आयुष्य गेले, तिथे मला नुसतेच 'मशीन' म्हणत. त्या घरांत कपडे शिवायचीही एक मशीन होती, पण तिला 'शिवणाची मशीन' असे पूर्ण नाव घ्यावे लागे. हा मान मला बहुधा माझ्या आवाजामुळे मिळाला असावा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या इंजिनाचे स्क्रू आवळले, दुसरीने माझ्या लांब पोलादी पट्टीवर दातेरी चेन चढवली आणि एका माणसाने दोरी ओढून मला पहिल्यांदा सुरू केले. घशात काहीतरी अडकल्यासारखी मी खोकले आणि मग जी ओरडू लागले ती त्याने बंद करीपर्यंत. त्याने मान डोलावली आणि मला खोक्यात घातले.

मला घरी आणले ते दादांनी. दादा पोस्टात कामाला होते. खरे तर त्यांना माझा काही उपयोग नव्हता. त्यांनी मला आणले ते धाकट्या भावासाठी. या धाकट्याला सगळे भाऊच म्हणत. ते ज्या लाकडाच्या वखारीत काम करत ती बंद पडली होती आणि ते घरात छताकडे बघत पडून असत. दादांनी खोके त्यांच्या खाटेपाशी ठेवले आणि म्हणाले, "बागवाल्यांना जुनी झाडं उतरवून हवी असतात. तुला झाड कळतं. उठ आता."

भाऊ उठले, आणि मग कितीतरी वर्षे आम्ही दोघे बसलो नाही.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. पहाटेच्या धुक्यात भाऊ मला खांद्यावर टाकून निघत. बागेत पोचले की आधी झाडाभोवती एक चक्कर मारत, खोडावर हात ठेवत, मान वर करून फांद्या बघत, आणि मगच माझी दोरी ओढत. मी गरजू लागले की पाखरे उडून जात. पिवळा भुसा भाऊंच्या बुटांवर, मिशांवर, चहाच्या थर्मासवर पडत असे. प्रत्येक लाकडाचा वास वेगळा. काही लाकडे गोड, काही तिखट, काही ओल्या पुस्तकासारखी. संध्याकाळी घरी आले की भाऊ आधी माझी चेन कानशीने घासत, पट्टीतला भुसा ब्रशने काढत, आणि मग स्वतः हातपाय धुवायला जात. त्यांची बायको म्हणे, "एवढं माझ्याकडे बघितलं असतं तर." भाऊ म्हणत, "तुला तेल घालावं लागत नाही." यावर ती हसत असे. मग चहा मिळे.

दादांचे घर आणि भाऊंचे घर एकाच अंगणाला लागून होते. मध्ये पत्र्याची शेड होती. तिथली थंडी लांबलचक असे. दोन्ही घरांत लोखंडी शेगड्या होत्या आणि त्यांची धुराडी छपरातून वर गेलेली होती. थंडी पडायच्या आधी एखाद्या रविवारी लाकडाचा दिवस ठरे. भाऊ माझ्याकडून ओंडके कापून घेत. दादा कुऱ्हाडीने ते फोडत, आणि निम्मे घाव शेजारच्या दगडावर घालत. दादांची बायको, म्हणजे वहिनी, आणि धाकटी जाऊ मिळून लाकडे रचत. दोघी जावा रचता रचता इतक्या बोलत की माझ्यासारखीला गप्प बसावेसे वाटे. दुपारी मला बंद करून सगळे ओंडक्यांवरच जेवायला बसत. माझे इंजिन गरम असे. दादा माझ्याजवळ हात धरून म्हणत, "ही शेगडी बरी आहे, धूर काढते पण फिरतीही आहे."

मग एका वर्षी दादा आजारी पडले आणि पानगळीच्या आतच गेले.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर भाऊ वहिनींच्या दारात उभे राहिले. आत काही गेले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुमची शेगडी विझणार नाही. ते माझ्याकडे लागलं." वहिनींनी नुसती मान हलवली. आणि भाऊंनी शब्द पाळला. त्यांनी माझ्या जोरावर दोन्ही घरांची लाकडे एकट्याने कापली आणि एकट्याने फोडली.

पण मित्रांनो, माणसांची आणि मशीनची वये थांबत नाहीत. भाऊंनी बागांची कामे सोडली. मी आता वर्षातून मोजके दिवस बाहेर येई. बाकीचे महिने शेडमध्ये पडून राही. माझ्या पोटातले पेट्रोल सुकून चिकट होई. दोरी ओढून ओढून भाऊंचा दम निघे, मग मी कशीबशी सुरू होई. आणि गेल्या पानगळीत ते घडले. ओंडक्यात गाठ होती. माझ्या पट्टीचे टोक तिला लागले आणि मी भाऊंच्या तोंडाकडे उसळले. अशा वेळी चेन जागच्या जागी थांबवणारा ब्रेक माझ्याकडे होता, पण तो झिजला होता. भाऊ मागे पडले म्हणून वाचले. त्यांच्या टोपीची कड तेवढी कापली गेली. वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्या धावत आल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या चपला घालून अंगणात उभ्या होत्या.

दोघे मला मेकॅनिककडे घेऊन गेले. त्याने मला उघडले, बराच वेळ आत बघितले आणि सांगितले, "हिचा ब्रेक आता मिळत नाही. बिनब्रेकची चालवू नका."

"मग हिच्यासारखीच दुसरी घेऊ," भाऊ म्हणाले.

"घेऊ," वहिनी म्हणाल्या. "पण निवडणार मी. कारण चालवणार मी."

भाऊ मेकॅनिककडे बघू लागले. मेकॅनिक माझ्याकडे बघू लागला.

मेकॅनिकच्या दुकानापासून मशीनचे दुकान जवळच होते. मला पिशवीत घालून दोघे तिकडे गेले. दुकानदाराने मला काउंटरवर ठेवून घेतले आणि माझ्या शेजारी एकेक नवीन मशीन मांडू लागला. पहिली माझ्याच कुळातली होती, पेट्रोलची, माझ्यापेक्षाही दांडगी. भाऊंचा चेहरा खुलला. दुकानदार त्यांच्याशीच बोलू लागला.

"काका, काम किती असतं?"

"दोन शेगड्या," मधूनच वहिनी म्हणाल्या. "वर्षातून चार-सहा दिवस. वादळात एखादी फांदी पडली तर तेवढी वर. आणि माझ्याशी बोला, मशीन मला हवी आहे."

दुकानदार बिचारा चाचरला, पण माणूस भला होता. त्याने वहिनींना मशीन उचलायला दिली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी समोर धरली. थोड्याच वेळात त्यांची कोपरे खाली आली. त्यांनी ती परत ठेवली. दुसरी विजेवर चालणारी, वायरची होती. "प्लग स्वयंपाकघरात आणि लाकडं शेडमध्ये," वहिनी म्हणाल्या. "वायर पायात येणार." तीही बाजूला झाली. तिसरी बॅटरीची निघाली. पट्टी आखूड, अंग आटोपशीर. वहिनींनी ती समोर धरली, बाजूला धरली, खाली वाकून धरली. ब्रेक कुठे आहे तो विचारला आणि स्वतः दोनदा ओढून बघितला.

"हे खेळणं आहे," भाऊ म्हणाले. "मोठा ओंडका आला तर?"

"तो आधी कोणाकडून तरी अर्धा करून घेऊ."

"आणि बॅटरी संपली तर?"

"तर चहा घेऊ. तोवर चार्ज होईल."

दुकानदार हसला. त्याने सांगितले की वर्षातले मोजकेच दिवस चालवायची असेल तर हीच सोयीची, हिच्यात पेट्रोल सुकून बसायचा प्रश्न नाही. मग वहिनींनी हळूच विचारले, "हाताला हादरे कुठल्या मशीनचे कमी बसतात?"

"हिचेच, ताई."

हे ऐकले आणि भाऊ मला पिशवीत टाकून दुकानाबाहेर निघून आले. बाहेर एक बाकडे होते, त्यावर बसले. मी त्यांच्या पायांशी. थोड्या वेळाने वहिनीही येऊन बसल्या.

"हादऱ्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं?" भाऊंनी विचारले.

"कोणी सांगायला कशाला हवं, भाऊजी? कपाच्या कानात तुमचं बोट जात नाही. दोन्ही हातांनी कप धरता. थंडीत बोटं पांढरी पडतात, मग शेगडीला चिकटून बसता, आणि भाजलं तरी कळत नाही. मागच्या वर्षी दोन बोटांना फोड होते."

भाऊंनी हात खिशात घातले. इतकी वर्षे माझी थरथर त्यांच्या बोटांत उतरत गेली होती आणि बोटांतले भान हळूहळू ओसरले होते. डॉक्टरांनी त्यांना केव्हाच थांबायला सांगितले होते. भाऊंनी ते एका बायकोखेरीज कोणाला कळू दिले नव्हते.

"दादाची मशीन होती ही," ते शेवटी म्हणाले. "मी तुम्हाला शब्द दिला होता. तुम्हीच लाकडं कापायला लागलात, तर मी कशाला आहे?"

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"काल तुम्ही पडलात तेव्हा मला वाटलं, या घरात मी दुसऱ्यांदा तेच बघणार," त्या म्हणाल्या. "मला लाकडं नकोत, भाऊजी. तुम्ही हवे आहात. लाकडं माझी मी बघीन."

बॅटरीची मशीन घरी आली. मी शेडमध्ये ठोकळ्यावर पडून होते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले. रविवारी वहिनी दादांची जाड पँट पट्ट्याने आवळून, हातमोजे आणि चष्मा घालून अंगणात आल्या. भाऊ मात्र आले नाहीत. "यांचं डोकं दुखतंय म्हणे," धाकटी जाऊ म्हणाली आणि तिने डोळ्यांनीच खिडकीकडे खूण केली.

वहिनींनी बारक्या फांद्या छान कापल्या. नवी मशीन माझ्यासारखी ओरडत नव्हती, नुसती घुमत होती. मला तिचा थोडा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू. मग त्यांनी एक जाडसर ओंडका घेतला, आणि निम्म्यावर पट्टी त्यात घट्ट अडकली. वहिनींनी मशीन बंद केली. ओढून बघितली, हलवून बघितली. हाक मारली नाही.

अंगणात शांतता पसरली तसे खिडकीतले डोके हलले. दार वाजले. भाऊ पाचर आणि हातोडा घेऊनच आले.

"ओढू नका, चेन उतरेल," ते म्हणाले. त्यांनी फटीत पाचर घातली, दोन ठोके दिले, पट्टी मोकळी झाली. "ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मधे पोकळी आहे. वरून कापत गेलं की तो खाली वाकतो आणि फट मिटते. निम्म्यावर थांबायचं आणि उरलेलं खालून घ्यायचं. बघा, इथून."

वहिनींनी खालून घेतले. ओंडक्याचे दोन तुकडे झाले. भाऊंनी पुढचा ओंडका लोटून दिला, त्याभोवती एक चक्कर मारली आणि खडूने रेघ ओढली. त्यानंतर ते घरात गेलेच नाहीत. ते रेघा मारत होते, वहिनी कापत होत्या. बॅटरी संपली तेव्हा खरोखरच चहा झाला.

संध्याकाळी लाकडे रचायची वेळ आली. "पहिली थप्पी तुमच्या पडवीत," वहिनी म्हणाल्या.

"आधी तुमची होऊ दे."

"तुमचे दादा गेल्यापासून आधी माझीच झाली. या वर्षी तुमची."

भाऊ उभे राहिले. वाटले, नाही म्हणतील. मग ते वाकले, दोन्ही हातांच्या कवेत मावतील तेवढी लाकडे त्यांनी उचलली आणि स्वतःच्या पडवीकडे चालू लागले.

मित्रांनो, मी आता मेकॅनिककडे असते. भाऊंनी मला नीट पुसून स्वतः आणून दिले. माझा कार्ब्युरेटर कोणाच्या तरी मशीनला बसला, पट्टी दुसऱ्या कोणाकडे गेली. जे उरले आहे ते फळीवर ठेवलेले आहे. मला त्याचे दुःख नाही. माझ्या उबेवर दोन घरे जगली. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की मशीनला तेलपाणी करा, पण मशीन धरणाऱ्यालाही विसरू नका. तुमच्यासाठी राबणारा एखादा हात कधीतरी आपल्या हातात घेऊन बघा. तो थंड लागला तर कारण विचारा, कारण तो माणूस आपण होऊन सांगणार नाही.