ठेवा की द्या

नणंदेने भावजयीबद्दल काही सांगायला घेतलं की ऐकणारा आधीच गालातल्या गालात हसतो. त्यातून मी शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या वहिनीने स्वतःची दोन्ही मुलं शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलेली. म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणारच. झोंबल्याच होत्या. तरी जे झालं ते असं झालं.

वहिनीच्या घरातली एक पद्धत मात्र मला मनापासून आवडायची. पुस्तकांना कपाट एकच, आणि ते गच्च भरलेलं. नवं पुस्तक आलं की एक जुनं जाणार. कुठलं राहणार नि कुठलं जाणार, ते मुलं ठरवत. रविवारी नाश्ता झाला की स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल बाहेरच्या खोलीत यायचं. ज्याने पुस्तक वाचलं त्याने स्टुलावर चढून सांगायचं, ‘ठेवा’ किंवा ‘द्या’, आणि का तेही सांगायचं. काय सांगणार हे आधी कुणी विचारायचं नाही, स्टुलावर कुणी उभं असताना मध्ये बोलायचं नाही, आणि खरं तेच बोलायचं. ‘द्या’ झालेलं पुस्तक जिन्याखालच्या खोक्यात जायचं. ज्याला हवं त्याने न्यावं.

धाकट्याचा न्याय सोपा. "यात कुत्रा मरत नाही. ठेवा." थोरलीचा मात्र खटलाच असायचा, म्हणून दादा तिला वकीलबाई म्हणतो आणि मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. एकदा एका जाडजूड, बक्षीस मिळालेल्या पुस्तकाबद्दल ती म्हणाली होती, "यातली आई कधी दमत नाही, कधी चिडत नाही. लेखकाने आई बघितलेलीच नाही. द्या." वहिनी पोट धरून हसली होती. हेही सांगायला हवं. ती हसली होती, आणि पुस्तक खरंच खोक्यात गेलं होतं.

हे सगळं वहिनी फोनवर टिपून जगासमोर टाकायची, लोक बघायचे, वाहवा करायचे. वाहवेची चटक वाईट. एक दिवस एक प्रकाशक दारात आला आणि वहिनी पुस्तक लिहायला बसली. मुलांना घरी कसं वाढवलं, वाचायला कसं शिकवलं, खरं बोलायला कसं शिकवलं.

त्याच सुमाराला वकीलबाई माझ्याकडे जास्त येऊ लागली. मी पेपर तपासत बसले की शेजारी खुर्ची ओढायची. "आत्या, मधल्या सुट्टीत कुणी कुणाशेजारी बसायचं ते कोण ठरवतं?" "आत्या, एखादीशी कडाक्याचं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी तीच बाकावर शेजारी असली, तर काय करतात?"

आमची शाळा काही स्वर्ग नाही. वर्गात पोरं कोंबलेली, पंखा आवाजच जास्त करतो. मी तिला तसं सांगितलंही.

"चालेल," ती म्हणाली. "मला भांडायला कुणीतरी पाहिजे. धाकट्याशी भांडून कंटाळा आला." मग माझ्या लाल पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाली, "आत्या, मला शाळेत यायचंय."

मी मुख्याध्यापिकांशी बोलले. सहावीत एक जागा होती, सत्र सुरू होईपर्यंत त्या ती धरून ठेवणार होत्या. वहिनीपाशी विषय काढला तर ती म्हणाली, "मास्तरीणबाई, पोरीच्या कानाला लागू नकोस. पुस्तक हातावेगळं होऊ दे, मग बघू." दादा मूग गिळून बसला. त्या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही.

पुस्तक आलं. वकीलबाईने ते एका बैठकीत वाचलं आणि रविवारी स्टूल आणायला निघाली.

"हे इथे नको," वहिनी म्हणाली. "प्रकाशनाच्या दिवशी सांग, सगळ्यांसमोर. स्टूलच तिकडे नेऊ."

"ती काय म्हणणारे, ठाऊक आहे का तुला?" मी विचारलं.

"आधी विचारायचं नाही, हा आपला नियम आहे."

नियम तिने पाळला, ते मी नाकारणार नाही. पण तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. पोरीला काही वेगळं वाटत असेल, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं.

सभागृह भरलं. फुलांच्या टेबलाशेजारी आमचं स्टूल, एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा, कारण ते डुगडुगतं. वकीलबाई चढली. प्रकाशकाने माइक तिच्या उंचीला आणला.

"वाचायला शिकवतानाची प्रकरणं चांगली आहेत," ती म्हणाली. "आई तशीच शिकवते. धाकटा शाई प्यायला, तेही खरं आहे." लोक हसले. "पण शेवटच्या पानावर आई मुलीला विचारते, तुला शाळेत जायचंय का? आणि मुलगी तिच्या गळ्यात पडून म्हणते, माझी शाळा तूच आहेस. ती मुलगी मी आहे. मला असं कुणी विचारलं नाही. मी असं म्हटलं नाही. मला शाळेत जायचंय. शेवटचं पान खोटं आहे. म्हणून द्या."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सुटली पोर, असं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. वहिनी उठली, डोळे पुसले, आणि ते खरंच भरून आले होते. लेकीला स्टुलावरच मिठीत घेऊन ती माइकमध्ये म्हणाली, "बघितलंत? स्वतःच्या आईच्या पुस्तकाला तोंडावर ‘द्या’ म्हणणारी मुलगी! हेच आमचं शिक्षण. आणखी काय सांगू?"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या बाई रुमालाने नाक पुसत म्हणाल्या, "किती निर्भीड आहे हो!" त्या गदारोळात वकीलबाईने आईची बाही ओढून विचारलं, "मग मी जाऊ ना शाळेत?" माइक तोवर तिच्यापासून लांब गेला होता. मी ऐकलं. दादानेही ऐकलं, आणि तो टाळ्या वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती भांडायलाच. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोरीने आणखी कसं सांगायचं?" मी म्हटलं. "व्यासपीठावर उभं राहून सांगितलं ना तिने!"

"आता कशी पाठवू गं? लोक माझं वाचून मुलांना घरी शिकवायला निघालेत. माझीच मुलगी शाळेत गेली तर काय समजायचं त्यांनी?"

"मग शेवटचं पान तरी बदल."

"त्याच पानावरून तर सगळे बोलताहेत." तिने हातातल्या फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. "मला वाटलं होतं, ती असंच म्हणेल. म्हणून नाही विचारलं."

मला तिची कीव आली, पण फार वेळ टिकली नाही. मी आवाज चढवला, तसा दादा आतून आला आणि म्हणाला, "तू आमच्या घरात लक्ष घालू नकोस." आयुष्यभर गप्प बसलेला माणूस, तोंड उघडलं ते मला गप्प करायला.

सहावीतली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पोर बरी आहे, भागाकारात कच्ची आहे. तिच्यावर विनाकारण ओरडते मी कधीकधी.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलंय, ‘शेवटचं पान खोटं आहे! – लेखिकेची मुलगी’. ‘मला शाळेत जायचंय’ हे वाक्य जागेअभावी गाळलं असावं.

मध्ये बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही. गेल्या रविवारी पोरांना भेटल्यावाचून राहवेना म्हणून गेले. आता वहिनीच्या फोनवर झळकावीत म्हणून प्रकाशक गठ्ठ्यांनी पुस्तकं पाठवतात. कपाट भरून पुस्तकं जमिनीवर आली आहेत आणि जिन्याखालचा खोका रिकामा आहे. नाश्ता झाला, स्टूल आलं, वहिनीने फोन धरला. वकीलबाई पुस्तक छातीशी घेऊन चढली.

"छान आहे," ती म्हणाली. "भाषा सोपी आहे. चित्रं सुंदर आहेत. सगळ्या मुलांनी वाचावं. ठेवा."

पुस्तकावरचं प्लास्टिकचं आवरण फोडलेलंच नव्हतं. खिडकीतल्या उन्हात ते चांगलं लखलखत होतं. मला दिसलं, दादाला दिसलं. वहिनीलाही दिसलं, कारण तिने फोन थोडा वर उचलला, फक्त पोरीचा चेहरा येईल एवढा.

स्टुलावर कुणी उभं असताना मध्ये बोलायचं नाही. आम्ही कुणी बोललो नाही.