चार नंबरच्या बंबाला हाक

यंदा गावाला एकच गाडी घेणं परवडणार होतं, नवा आगीचा बंब किंवा नवी रुग्णवाहिका. व्हरमाँटमधल्या त्या गावाच्या खर्च समितीत मतं सारखी पडली होती आणि फक्त लव्हिनियाचं मत उरलं होतं. ती रुग्णवाहिकेवर अडून बसली, म्हणजे जुना चार नंबरचा बंब तरी राहील. तिच्या नवऱ्याने, एमॉसने, तो जन्मभर चालवला होता. एमॉसला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"अगं मावशी, गंजून चाळण झालीय त्याची! कोंबड्या पाळणारेस का त्यात?" तिला बंबाजवळ नेत अग्निशमन दलाचा प्रमुख रॉयस म्हणाला. बंबाची बॅटरीसुद्धा काढलेली होती. गाडी मोडीत काढताना वायरलेसवर त्या गाडीला निरोपाची हाक मारायची दलाची रीत होती. "थांब, आत्ताच हाक मारून टाकतो," म्हणत त्याने हसतच हातातला वायरलेस तोंडाशी धरला. "चार नंबर, कुठे आहेस?"

बंबाच्या बंद वायरलेसमधून खरखर आली आणि मग एमॉसचा दमलेला आवाज.

"निघालोय. अजून रस्त्यातच आहे. आग काही दिसत नाही रे."

रॉयसच्या तोंडचं पाणी पळालं. लव्हिनियाने बंबाच्या गार दारावर हात ठेवला.

"नवा बंब घ्या," ती म्हणाली. "आणि याला मोडीत काढा. किती धावतोय बिचारा, आता थांबू दे त्याला."