चाय स साखरम

एकोणपन्नास साली दिवाळीच्या तोंडावर साखर बाजारातून नाहीशी झाली, आणि तिच्यापायी माझ्या ओट्यावर फौजदार आला.

तिसगावच्या बाजारापासून थोडी आत आमची वाडी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथेच राहिलो होतो आणि सकाळी चार मुलांना रशियन शिकवत होतो. पहिल्या महायुद्धात मी पलटणीच्या कोठारावर कारकून म्हणून इराणात गेलो होतो. तिथे समुद्राकाठच्या एका बंदरात रशियन हमालांशी ओळख झाली. त्यांतल्या एकाने आपल्या लेकाचे अक्षरांचे पुस्तक मला दिले आणि त्यावरून भाषा शिकवली. पुढे तीस वर्षे ते पुस्तक ट्रंकेत पडून होते. मग एक दिवस गोजरने ते उघडले.

"गुरुजी, ह्यो इंग्रजीतला आर उलटा का लिवलाय?"

तिथून आमची शाळा सुरू झाली.

गोजर बारा वर्षांची. तिचा बाप सहादेव दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात पडला. तेव्हापासून ती आणि तिची आई बनुबाई थोरल्या चुलत्याच्या, कारभारीच्या घरात राहत. पोरगी प्रश्नावर प्रश्न विचारी. 'एता दोम' म्हणजे 'हे घर आहे', असे मी सांगितले, तर म्हणाली, "अन् 'आहे' कुठं गेलं?" मी म्हटले, त्या भाषेत लागत नाही. "आपल्यात बी न्हाई लागत की. ह्यो माझा चुलता, म्हनलं की झालं." रशियनमध्ये 'तू'ला 'ती' आणि 'तुम्ही'ला 'वी' म्हणतात, हे कळल्यावर ती खूश झाली. "इंग्रजीत म्हशीला अन् मामलेदाराला एकच यू!"

आता साखरेचे. रशियनमध्ये साखरेला साखरच म्हणतात. शब्द ओळखीचा, म्हणून विभक्ती शिकवायला मी तोच घेतला. साखर, साखरा, साखरू. तृतीया आली की साखरम. 'चाय स साखरम' म्हणजे साखरेसह चहा. चौघे डोलत डोलत मोठ्याने म्हणत, आणि घरोघर गुळाचा चहाही जपून होत असताना माझ्या ओट्यावरून साखरेचा गजर चाले. एका सकाळी हवालदार सूर्यभान सायकलवरून चालला होता. तो थबकला, ऐकत राहिला आणि निघून गेला.

दुपारी फौजदाराला घेऊन आला. दोघांनी माझे घर उलथेपालथे केले. कणग्या ठोकून पाहिल्या, देव्हाऱ्यामागे हात घातला. साखरेचा दाणा निघाला नाही. निघाले ते पुस्तक.

फौजदाराने ते उलटसुलट पाहिले. "हे काय आहे?"

"मुलांचे पुस्तक आहे. रशियन."

साखर सापडली असती तर बरे झाले असते, असा त्याचा चेहरा झाला. ते दिवसच तसे होते; कम्युनिस्टांची धरपकड चालली होती. लाल रंगाचा रुमाल वाळत घातला तरी चौकशी होई.

"कोणाच्या परवानगीने शिकवता?"

"साहेब, इंग्रज गेल्यावर शिकायला परवानगी लागते, हे मला ठाऊक नव्हते."

"मास्तर, जीभ आवरा," सूर्यभान म्हणाला.

"उपयोग काय या भाषेचा?" फौजदाराने विचारले. "कोणती नोकरी मिळणार आहे या पोरांना?"

"नोकरी मिळायची नाही. पण आजवर आपण जग पाहिले ते इंग्रजाच्या खांद्यावरून. त्याने दाखवले तेवढेच दिसले. या पोरांनी दुसऱ्या बाजूनेही पाहावे, एवढेच."

"उद्यापासून बंद," तो म्हणाला आणि पुस्तक टाकून निघून गेला. जाताना चारही घरी निरोप देऊन गेला. संध्याकाळपर्यंत तीन घरांनी आपली मुले येणार नाहीत म्हणून कळवले. त्यांच्यावर माझा राग नव्हता; पोलीस दारात आला की माणूस आधी पोराला मागे ओढतो. राहिली गोजर. तिचे ठरवायचे होते कारभारीने, म्हणून दिवेलागणीला मी त्याच्या घरी गेलो.

कारभारी सोप्यात बसला होता. गोजर खांबाला टेकून उभी. रडून झालेले दिसत होते.

"गुरुजी, माजं तुमच्याशी भांडान न्हाई," कारभारी म्हणाला. "पर फौजदार घरावर नजर ठेवायची म्हनतो. अन् पोरीनं शिकून करायचं काय? हिला काय रशियात द्यायचीय?"

"मला न्हाई जायचं रशियात," गोजर म्हणाली. "मला शिकायचं हाय."

"लई शिकली! सांग, मला काय म्हनत्यात तुझ्या रशियात?"

"तुमी माझे द्याद्या."

"द्याद्या! बैल हाकल्यावानी!"

"अन् आईचे तुमी द्येवेर."

कारभारीने मान वर केली. "दीर?"

"दीरच. नवऱ्याचा भाऊ. बायकोच्या भावाला निराळा शब्द हाय, साडूला निराळा. इंग्रजीत समद्यांना एकच."

"साडूला बी?"

"व्हय."

कारभारीने मिशीवर हात फिरवला. "मेव्हना कोन अन् साडू कोन ते कळंना, अन् आमच्यावर राज्य केलं व्हय!" तो खो खो हसला, मग त्याला फौजदार आठवला. "पर ते जाऊ दे. उद्यापासनं जायचं न्हाई."

"गोजे," आतून आवाज आला.

तो बनुबाईचा होता. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे. काही सांगायचे तर लेकीच्या तोंडून सांगे. आजही दाराआडच उभी होती.

"मला काय म्हनत्यात तिथं?"

गोजरने माझ्याकडे पाहिले. शब्द तिला येत होता. तिने मागे एकदा आपणहून विचारून घेतला होता.

"व्दवा," ती हळू म्हणाली.

शब्द 'विधवा'च्या इतका जवळचा, की अर्थ सांगावा लागला नाही. कारभारी खाली बघू लागला.

"येवढ्या लांब बी त्योच शबूद," बनुबाई म्हणाली. "गुरुजी, तिथं बी लई हायेत का?"

"गावेच्या गावे आहेत, बाई. लढाईत तिथली माणसे किती गेली, त्याला सुमार नाही. आता नांगरट त्याच करतात, ट्रॅक्टर त्याच चालवतात."

"अन् त्यांचे मालक कुनाच्या बाजूनं लढले?"

"सहादेव ज्या बाजूने लढला, त्याच."

बनुबाई उंबरा ओलांडून सोप्यात आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडे होते.

"भावजी, हिचा बाप गेला त्याच लढाईत त्यांचे गेले. मग त्यांची बोली चोराची कशी? फौजदाराला म्हनावं, मला येऊन सांग. माझी पोर जाईल. त्या बाया मागं राहून काय काय करत्यात, ते मला हिच्या तोंडून ऐकायचं हाय."

कारभारीने चंची उघडली, पुन्हा मिटली.

"मग मी कुठं न्हाई म्हनलो?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसलोच नाही. लपून शिकवले तर चोरी म्हणतील. म्हणून वेशीजवळच्या मारुतीच्या पारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसलो. गोजर समोर. बनुबाई पाराच्या कडेला निवडायला घेतलेल्या हुलग्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली. बाकीची तीन पोरे गोठ्याच्या भिंतीआडून डोकावत होती.

सूर्यभानची सायकल यायला वेळ लागला नाही. तो एक पाय जमिनीला टेकून उभा राहिला.

"बंद करायला सांगितलं हुतं ना? परवानगी कुनी दिली?"

"मी," बनुबाई म्हणाली. सुपातला खडा काढून तिने बाजूला टाकला.

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हते. तो गोजरकडे वळला. "अन् तुला भ्या वाटत न्हाई व्हय गं?"

गोजर उठून उभी राहिली. हात मागे बांधले, शाळेत साहेबासमोर बांधतात तसे.

"वी मिशायेत्ये," ती म्हणाली.

"काय म्हनली ही?"

मी सांगणार होतो, पण तिने हाताने मला थांबवले.

"म्हनलं, तुमी शिकन्याच्या मधी येताय. 'ती' बी म्हनता आलं असतं, हवालदार. 'वी' म्हनले."

सूर्यभानने माझ्याकडे पाहिले, बनुबाईकडे पाहिले. मग उगाच घंटी वाजवली आणि जागेवरच उभा राहिला. जावे की राहावे, ते त्याचे त्यालाच ठरवायचे होते. गोजर खाली बसली आणि काल थांबले होते तिथून तिने उचलले.

"साखरम," ती म्हणाली.

"चाय स साखरम," भिंतीआडून कोणीतरी पुरे केले.