चालकाच्या दारावरची रेघ

गाडी धुण्याच्या सामानाच्या फडताळासमोर माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो, असे कोणत्याही नीतिग्रंथात लिहिलेले नाही. त्यामुळे ताईला ते स्वतःच शोधून काढावे लागले. तिच्या धाकट्या भावाला घरात सगळे ‘राजे’ म्हणत आणि त्या नावातली थट्टा त्याला आजवर उमगली नव्हती. दुकानात शिरल्या शिरल्या त्याने सर्वांत भडक लेबलाची बाटली उचलली.

“ताई, एवढी एकच घेऊ. तेल, चिकटा, डांबर, सगळं साफ. लिहिलंय बघ वर.”

“लिहिलेलं सगळं खरं असतं, तर तुझ्या ‘लवकरच येतो’वर मी विश्वास ठेवला असता.”

गाडी आईची. आई पाट्या रंगवून पोट भरत असे आणि गाडीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, तिने स्वतःच्या हाताने एक पिवळी रेघ ओढलेली होती. तिच्यावर संरक्षणाचा लेप मात्र ती कधीच देत नसे. कायमचं झालं की हात आळशी होतो, हे तिचे म्हणणे. आई गेल्यापासून गाडी झाकून ठेवलेली होती. राजे आज ती आपल्या गावी नेणार होता. ताईने होकार दिला होता तो एका अटीवर: रेघेला धक्का लागता कामा नये. आईने रंगवलेल्या पाट्या दुकानांबरोबरच केव्हाच उतरल्या होत्या. तिच्या हातचे म्हणावे असे आता एवढेच उरले होते.

“वरचा रंग कच्चा असेल तर हा सौम्य शॅम्पू न्या,” ताईकडून रेघेचे ऐकून दुकानदारीणबाई म्हणाल्या. “भांड्यांचा साबण नको. स्पंजही नको, त्यात खडा अडकतो आणि ओरखडे पडतात. हा लोकरी हातमोजा घ्या. आणि सुकवायला हा जाड टॉवेल. घासायचा नाही हं, नुसता अंथरायचा. पाणी तोच पितो.”

“गाडी आहे की तान्हं बाळ?” राजे हसला.

“तान्ह्या बाळाला एकदा तरी आंघोळ घातली असतीस, तर हात कसा लावतात ते कळलं असतं.”

ताईने शॅम्पू, हातमोजा, टॉवेल घेतला. राजेने ती भडक बाटली हळूच शेजारी सरकवली. “चाकांसाठी,” तो म्हणाला. चाकांशी ताईचे काही भांडण नव्हते. तिने पैसे दिले.

घरी येऊन तिने दोन बादल्या भरल्या; एकीत फेस, दुसरीत हातमोजा विसळायला स्वच्छ पाणी. तिने डावी बाजू घेतली, राजे उजवीकडे चाकांशी बसला. आधी नुसत्या पाण्याने धूळ सैल केली, मग टपापासून खाली येत अलगद हात फिरवला. राखाडी थराखालून रेघ वर आली. मागच्या दाराच्या मुठीजवळ ती किंचित थरथरली होती. शेवटच्या खेपेस आईचा हात तिथे कापला होता आणि तिने ते लपवले नव्हते. ताईने त्या जागी टॉवेल नुसता टेकवून धरला.

तेवढ्यात तिखट वास आला. चाकांना इतका वेळ लागत नाही.

ती वळसा घालून गेली. चालकाचे दार लख्ख होते, अगदी निर्लज्जपणे लख्ख. राजेच्या हातातले फडके पिवळे झाले होते आणि तो मागच्या दाराकडे सरकत होता.

“काय केलंस हे?”

“काय म्हणजे? आधी रेघ पुसायची, मग धुवायची. दरवर्षीचंच आहे. पुसायचं काम माझं. आई अशीच बाटली माझ्या हातात द्यायची आणि मग ती…”

तो थांबला. फडक्याकडे पाहू लागला.

“बोल ना,” ताई म्हणाली. “मग ती काय करायची?”

“नवी ओढायची.” त्याचा आवाज लहान झाला होता. “ताई, अगं, मला सुचलंच नाही. हात आपोआपच…”

अज्ञानाला क्षमा, रागाला प्रायश्चित्त. स्मृतिकारांनी सगळ्याची सोय लावून ठेवली आहे. पण आई मेली हे ज्याच्या हातांना अजून कोणी कळवलेच नाही, अशा माणसाला कोणते कलम लावायचे? ताईला ओरडायचे होते, आणि ओरडण्याजोगे दुष्टपण त्याच्यात सापडेना. तिचा संताप त्यामुळे अधिकच थंड, अधिकच धारदार झाला.

“तुला अट सांगितली होती.”

“हो.”

“मान डोलावली होतीस.”

“हो गं. चुकलो. गाडी तूच ठेव, मी नाही नेत.”

“वा! म्हणजे पुसायचं तू आणि बघत बसायचं मी?” तिने त्याच्या हातातून फडके काढून घेतले, बाटलीला बूच लावले आणि कोरडा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. “मागचं दार सुकव. घासलंस तर बघ. नुसता अंथर.”

त्याने अंथरला. उरलेल्या रेघेवरचे पाणी टॉवेलने निमूटपणे पिऊन टाकले.

मग ताईने त्याला चालकाच्या दाराशी आणले, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली.

“गाडी तूच न्यायचीस, राजे. आणि रोज याच दारानं आत बसायचंस.”