चाळीस दुपारचे ढग

माझी अक्षदा ढगांचा अभ्यास करती. पुण्याला पीएचडीचं दुसरं वरीस हाय. गावात जो त्यो मला इचारतो, "संपतभाऊ, पोरीला इचारा की, पाऊस कवा?" मी म्हणतो, तिला इचारा, मला काय कळतंय! पिंपळवंडीच्या आमच्या घराच्या स्लॅबवर तिनं एक यंत्र बसवलं. वर पालथ्या वाटीवाणी काच. जाताना म्हणली, "आप्पा, जपा बरं. लई महाग हाय, संस्थेचं हाय."

आता जपा म्हणल्यावर संपत गप बसंल व्हय? चैत्राचं ऊन ते! माझा मोबाईल ट्रॅक्टरवर ऱ्हायला की तापून बंद पडतो, मंग ह्या काचंचं काय व्हत आसंल? ढगांचं यंत्र, त्याला उन्हाचं काय काम? टोमॅटोच्या रोपांवर टाकतो तसला शेडनेटचा तुकडा घेतला आन् रोज बारा ते तीन त्याच्यावर घातला. ढग आला तर काढू म्हणलं, पण आभाळ कोरडं ठणठणीत. चाळीस दिवस, एक दिवस चुकवला न्हाई. ती फोनवर इचारायची, "यंत्र ठीक हाय ना?" मी म्हणायचो, "एकदम झकास! तू अभ्यास कर."

काल रविवारी पोरगी नाचतच आली. लॅपटॉप उघडला. "आप्पा, ही रेघ म्हंजी जमिनीवर किती ऊन पोचलं त्ये. आपल्याकडं भर दुपारी पातळ ढग येत्यात, उपग्रहाला बी दिसंनात! उद्या सगळ्यांपुढं मांडायचंय. माझा पयला पेपर व्हईल." मी रेघ बघितली. बाराला धाडदिशी खाली, तीनला वर. रोज. बारा ते तीन, ही तर माझ्या शेडनेटची येळ!

जेवाया बसलो. गप बसलो असतो तर कुणाला कळणार व्हतं? पण उद्या चार शहाण्यांपुढं माझी पोर माझं शेडनेट ढग म्हणून दाखवणार. ते काय सोसंना राव. "बाय, ते ढग मीच घातलेत," म्हणलं, आन् सगळं सांगून टाकलं.

डोळं भरून आलं तिचं. मी म्हणलं, "शिव्या घाल, पण बोल." तिनं फोन उचलला, तिच्या सरांना लावला. "सर, ते ढग नव्हते. वडिलांनी दुपारी यंत्रावर शेडनेट घातलं होतं. उद्याचं रद्द करा." मंग सरांचं ऐकून म्हणली, "नाही सर, चूक त्यांची नाही, माझी आहे. यंत्र जपा एवढंच सांगितलं मी. ते काय करतं, हे त्यांना एकदाही सांगितलं नाही."

फोन ठेवला. म्हणली, "आप्पा, हात धुवा. वर चला."

भर उन्हात स्लॅबवर मला शेजारी बसवलं आन् पयल्यापासून सांगाया लागली, ऊन येतं कसं, ढग त्याला अडवतो कसा. निम्मं डोक्यावरनं गेलं, पण मी इचारत ऱ्हायलो आन् ती न कावता सांगत ऱ्हायली. दहा वर्षं पोरीला शाळेच्या फाटकापातुर सोडाया गेलो व्हतो. आत बसायचा मान काल मिळाला.