दबक्यातली शेवटची जागा

इर्बिद शहरातल्या विद्यापीठात आलो तेव्हा माझं वजन एकशे बारा किलो होतं. डॉक्टर म्हणाले, रोज पळ. मी दोन दिवस पळालो आणि डॉक्टरांकडे जायचंच बंद केलं. मग विद्यापीठाच्या दबका-पथकात नाव घातलं. हातात हात गुंफून रांगेनं नाचायचं आणि ढोलाच्या तालावर पाय आपटायचे, याला व्यायाम म्हणायची लाज वाटावी इतकी मजा. पथकाचे उस्ताद गालिब मला पाहून खूश झाले. रांगेच्या शेवटच्या टोकाला त्यांनी मला उभं केलं.

"मुहन्नद, तू आपला खुंटा. तुझा पाय पडला की मंचाच्या फळ्या बोलल्या पाहिजेत."

फळ्या बोलायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या देहाचं कुणीतरी कौतुक करत होतं. त्या आनंदात मी रोज दोन तास नाचलो, सुट्टीच्या दिवशी चार. बसथांब्यावरसुद्धा पाय थांबेनात. सात महिन्यांत एकतीस किलो उतरले.

विद्यापीठाच्या महोत्सवाला दहा दिवस असताना उस्तादांनी मध्येच ढोल थांबवला.

"आजारी आहेस का रे?"

"नाही उस्ताद, उलट ठणठणीत आहे."

"तेच म्हणतोय. मांजर चालल्यासारखा आवाज येतोय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या आठवड्यात घरी मन्सफची ताटंच्या ताटं हाणली. मटण, भात, वर दह्याचा रस्सा. आईला तर ईद लवकर आल्यासारखं झालं. पण जागा जाऊ नये म्हणून सरावही दुप्पट केला, आणि काट्यावर उभा राहिलो तर आणखी अर्धा किलो गेलेला.

शेवटी उस्तादांनी माझ्या जागी पहिल्या वर्षाचा कुसय आणला. एकशे वीस किलो. रांगेतल्या बाकी जागा जुन्या पोरांच्या होत्या. "याला पावलं तूच शिकव," उस्ताद मला म्हणाले, "तुझ्यासारखी कुणालाच येत नाहीत." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

कुसयनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, यानं वजन उतरतं म्हणतात. खरं का?"

"छे, अफवा आहे," मी म्हणालो.

आईला जागा गेल्याचं सांगायचा धीर झाला नाही. महोत्सवाला ती शेजारणींना घेऊन आली आणि पार मागच्या ओळीत बसली. डोक्याला रुमाल बांधलेली पोरं तिथून सारखीच दिसतात. मी पडद्याआड उभा होतो. कुसयचा पाय पडला, फळ्या बोलल्या, सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला.

बाहेर आल्यावर आईनं माझे गाल धरले. तिचे डोळे भरले होते.

"किती छान नाचलास रे बाळा. ती शेवटची जागा दिसल्याबरोबर मी शेजारणींना म्हटलं, तो बघा माझा. घरी मेला वाळलेला दिसतोस, तिथं कसा अंगानं भरलेला वाटलास. पुढच्या वर्षीही तिथंच उभा राहशील ना?"

"राहीन की," मी म्हणालो. मग तिथंच पायरीवर बसलो. तिला वाटलं, नाचून दमलाय.